रिकामा रकाना

हिरालाल टेंभरे हा घाबरट माणूस. हे त्याच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि तोही ते नाकारत नसे. पण तो जन्मापासून तसा नव्हता. आमगाव-देवरी रस्त्यावर एकदा बस नाल्यात उलटली, तेव्हापासून तो तसा झाला.

त्या बसमध्ये त्याची बायको होती. प्रेमिलाचं मनगट मोडलं, बाकी काही झालं नाही. पण हिरालालला हे कळलं ते संध्याकाळी, गाडीतून उतरल्यावर, आमगावच्या फलाटावर. दिवसभर तो गोंदियाला ऑफिसात बसला होता, त्याने समोसा खाल्ला होता, कोणाच्या तरी गोष्टीवर पोट धरून हसला होता. आणि त्याच वेळी ती देवरीच्या दवाखान्यात बाकावर हात धरून बसली होती. ते हसणं त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

दोघंही टेलिफोनच्या खात्यात. तो गोंदियाला बिलांच्या कामाला, ती देवरीच्या ऑफिसात कौंटरवर. आमगाव दोघांच्या मध्ये पडतं म्हणून घर आमगावला. सकाळी तो रेल्वेने एका दिशेला जायचा, ती बसने दुसऱ्या दिशेला. मुलगी भूमेश्वरी लग्न होऊन तिरोड्याकडे गेली होती. घरात दोघंच.

बस उलटल्यानंतर तो देवरीला फोन करू लागला. टेलिफोनच्याच ऑफिसात नोकरी, फोनला काय तोटा. ती पोचली का, जेवली का, परत निघाली का. देवरीचे लोक रिसीव्हर उचलताच म्हणू लागले, "आहे बाप्पा, जिती आहे." प्रेमिलाला लाज वाटायची. एका रविवारी सुपात तांदूळ निवडताना तिने सांगून टाकलं, "फोन करणं बंद करा आता. कौंटरवर लोक उभे राहतेत अन् मी नवऱ्याले हजेरी देऊन राहिली."

त्याने फोन बंद केला. भीती बंद झाली नाही.

पुढे बिलांचं काम कॉम्प्युटरवर गेलं. गोंदियाला एका थंड खोलीत मोठं मशीन बसलं, आणि देवरी, आमगाव, तिरोडा अशा ऑफिसांत त्याला जोडलेले टर्मिनल आले. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. काळ्यावर हिरवी अक्षरं. चित्र नाही, काही नाही. जे पाहिजे ते अक्षरं लिहून मागायचं. मशीन सांभाळायला प्रफुल नावाचा पोरसवदा इंजिनिअर आला होता. त्याने हिरालालचा चेहरा काही दिवस पाहिला आणि एकदा चहा पिताना त्याला एक युक्ती दाखवली. फिंगर असं लिहायचं, एक जागा सोडायची, मग माणसाचं नाव लिहायचं. मशीन त्या माणसाची माहिती देतं. पूर्ण नाव काय, कोणत्या टर्मिनलवर बसला आहे, कधी आत आला, आणि त्याचा हात किती वेळ थांबलेला आहे.

"फिंगर म्हणजे बोट," प्रफुल म्हणाला. "आता काकूला फोन कशाला? इथूनच बोट लावून पाहा, जागेवर आहे का नाही."

शेवटचा रकाना हिरालालला सगळ्यात आवडला. प्रेमिला बटनं दाबत असली की तो रकाना रिकामा राहायचा. हात थांबला की तिथे मिनिटं चढायची. रिकामा म्हणजे ती आहे, काम करते आहे, कोणाशी तरी बोलते आहे. जगात दुसरी कुठली रिकामी जागा पाहून माणसाला एवढा आनंद झाला नसेल.

हिरालालने बायकोला चारचौघांत कधी नावाने हाक मारली नव्हती. घरीही तो तिला भूमेश्वरीची माय म्हणायचा. आता दिवसातून कितीदा तरी तो तिचं नाव लिहू लागला. शेजारच्या टेबलावरचा मनिराम हे बघून म्हणायचा, "लोक देवाचं नाव घेऊन काम सुरू करतेत, आमचे टेंभरे बायकोचं घेतेत."

त्याने हे घरी सांगितलंही. मोठ्या अभिमानाने सांगितलं. प्रेमिला हसली नाही, रागावली नाही. तिने विचारलं की त्यात आणखी काय काय दिसतं. माणूस दिसतो का? आवाज येतो का? त्याने नीट समजावून सांगितलं की काही दिसत नाही, फक्त हात चालू आहे की थांबला एवढंच कळतं. तिने मान हलवली आणि भाताखालचा जाळ कमी केला.

त्या रकान्यावरून हिरालालला तिचा अख्खा दिवस पाठ झाला. सकाळी बराच वेळ रिकामा, कारण कौंटरवर गर्दी. मग चहाची थोडी मिनिटं. मग पुन्हा काम. दुपारी डबा. डब्याला ती चांगला अर्धा तास घ्यायची, कारण निर्मलाबाईबरोबर गप्पा चालायच्या. निर्मलाबाई उईके म्हणजे देवरीच्या ऑफिसातली पाणी भरणारी, झाडणारी, पत्रं टाकणारी, सगळंच करणारी बाई. दुपारची मिनिटं चढू लागली की हिरालाल आपला डबा उघडायचा. दोघांनी एकत्र जेवल्यासारखं त्याला वाटायचं.

हिवाळा संपता संपता काही दिवस वेगळे येऊ लागले. त्या दिवशी डबाच नसायचा. चहाही नसायचा. रकाना सकाळपासून दुपारपर्यंत रिकामा. काम फार असेल, असं त्याने धरलं. घरी विचारलं तर ती म्हणायची, हो, लोक फार होते. पण ती थकलेली दिसायची, आणि डबा अर्धा परत यायचा. एकदा त्याने रात्रीच्या भाताला उशीर झाला म्हणून सहज तिच्याकडे बघितलं, तर ती चुलीसमोर डावा हात काखेत धरून बसली होती. जुनं मनगट दुखत असेल, असं त्याने समजून घेतलं. भित्र्या माणसाची भीती एकाच रस्त्याने जाते. त्याची बसच्या रस्त्याने जात होती, म्हणून त्याने दुसरीकडे बघितलंच नाही.

तो दिवस मार्चमधला. मोहफुलं पडायचे दिवस होते आणि आमगावच्या स्टँडवर बायका टोपल्या घेऊन उतरत होत्या. प्रेमिला नेहमीच्या बसला गेली. हिरालाल गोंदियाला पोचला, पंखा लावला, नाव लिहिलं. रकाना रिकामा. बरं झालं.

मनिराम जेवणाच्या आधी बाहेरून आला तो बातमी घेऊनच. देवरीकडे रस्त्यात झाडं पाडली होती. जंगलातल्या बंदूकवाल्या लोकांनी बंद पुकारला होता. देवरीचा बाजार पटापटा बंद झाला, दुकानदार शटर ओढून घरी गेले, एसटीने गाड्या आमगावलाच थांबवल्या. एका जीपवाल्याने स्वतः पाहिलं होतं, तो उलटा वळून आला होता.

हिरालालने ताबडतोब नाव लिहिलं. रिकामा. त्याच्या छातीतला दगड थोडा हलका झाला. ती ऑफिसात आहे, आतून कडी लावून काम करते आहे. तो फाईल घेऊन बसला. थोड्या वेळाने पुन्हा लिहिलं. रिकामा. पुन्हा. रिकामा.

मग त्याच्या लक्षात आलं. बाजार बंद आहे, कौंटरवर एक माणूस नसणार, मग ती कशाची बटनं दाबते आहे?

त्याने देवरीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. बंद पडेपर्यंत वाजली. त्याने परत लावला. फोन टर्मिनलपासून हातभर लांब होता, त्याला ती खोली माहीत होती. बसल्या जागेवरून उचलता येतो. घंटी वाजत असताना त्याने दुसऱ्या हाताने नाव लिहिलं. रकाना रिकामा होता. म्हणजे कोणीतरी तिथे बसून बटन दाबत होतं, शेजारी फोन वाजत होता, आणि ते माणूस फोन उचलत नव्हतं.

 तो उठून प्रफुलकडे गेला. प्रफुलने स्वतःच्या पडद्यावर तेच पाहिलं. थोडा वेळ पाहत राहिला. म्हणाला, एक मिनिटाचीही फुरसत नाही, पाणी प्यायलाही हात थांबत नाही, असं कोणी टाइप करत नाही. मग त्याने देवरीच्या पडद्यावर थेट निरोप पाठवला, इंग्रजी अक्षरांत: प्रेमिलाकाकू, ठीक आहात का, उत्तर द्या. दोघं वाट बघत बसले. उत्तर आलं नाही. रकाना रिकामाच होता.

"प्रफुल, ती आहे ना गा तिथं?" हिरालालने विचारलं.

"काका, मशीनला माणूस दिसत नाही," प्रफुल म्हणाला. "बटन दाबलं एवढंच समजते. कोणी दाबलं, ते नाही."

त्याने खरं तेच सांगितलं, वाईट मनाने नाही. पण हिरालालच्या डोळ्यांपुढे काय काय आलं. टेलिफोन ऑफिसं त्या लोकांच्या डोळ्यावर असतात, हे त्या भागात सगळे बोलत. कोणीतरी तिच्या मागे उभं आहे. कोणीतरी तिला उठू देत नाही. किंवा ती खुर्चीवर नाहीच, दुसरंच कोणी बसलं आहे, आणि ती... त्यापुढे त्याला विचार करता आला नाही. साहेब बाहेर आले, त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "टेंभरेजी, आज मत जाओ. कल सुबह गाडी भेजेंगे." हिरालालने ऐकलं, मान हलवली आणि पिशवी उचलून स्टेशनकडे चालू लागला.

आमगावला उतरल्यावर तो घरी गेलाच नाही. सरळ लाईनमन बकारामकडे गेला. बकाराम मेश्राम पंधरा-वीस वर्षं त्या जंगलात खांबांवर चढत होता. त्याच्याजवळ राजदूत मोटरसायकल होती. तो अंगणात बाजेवर पडला होता आणि आज कुठे जायचं नाही म्हणून खूश होता. हिरालालने सगळं सांगितलं तेव्हा तो उठून बसला.

"तुमी तं सायकलवर बसालेही भेता, टेंभरे बाबू. अन् आज देवरीले जाता?"

"भेऊनच जाऊन राहिलो," हिरालाल म्हणाला. "चाल."

बकारामच्या बायकोने गाडीची किल्ली आधी दिली नाही. मग तिने हिरालालकडे पाहिलं आणि दिली.

रस्ता ओसाड होता. ज्या रस्त्यावर ट्रकांना जागा मिळत नाही तिथे एक कुत्रं मधोमध झोपलं होतं. पहिलं झाड आडवं पडलेलं दिसलं तेव्हा बकारामने गाडी बंद केली, दोघांनी ती ढकलत बांधावरून नेली. साजाचं झाड होतं, चांगलं जुनं, कापलेल्या जागेवर अजून ओलसर रस होता. दुसऱ्या झाडाला कागद चिकटवला होता. बकारामने तो वाचला नाही, हिरालाललाही वाचू दिला नाही. "पायाकडं पाहून चाला," एवढंच म्हणाला. जंगलात एवढी शांतता होती की मोहाचं फूल पडलं तरी ऐकू येत होतं. हिरालालला वाटत होतं की प्रत्येक झाडामागून कोणीतरी आपल्याला पाहत आहे.  तो दोनदा म्हणाला, बकाराम, परत जाऊ. दोनही वेळा तो स्वतःच पुढे चालू लागला.

देवरीत उन्हं अजून होती. सगळी दारं बंद. टेलिफोनचं ऑफिस चौकाच्या मागच्या गल्लीत. दाराला बाहेरून कुलूप होतं.

बाहेरून कुलूप पाहून हिरालालला सुटका वाटायला पाहिजे होती. पण आतून आवाज येत होता. टीं, टीं, टीं, न थांबता, बारीक, एकसारखा. तो खिडकीकडे गेला. जाळीला धूळ होती. त्याने हाताने पुसून आत पाहिलं. खोलीत अंधार, आणि त्या अंधारात हिरवा पडदा उजळलेला. पडद्यावर प्रफुलचा निरोप होता: प्रेमिलाकाकू, ठीक आहात का. समोर प्रेमिलाची खुर्ची. खुर्चीत कोणी नव्हतं.

तो जाळी धरून उभा राहिला.  सकाळपासून ज्या जागेला तो बायको समजत होता ती जागा रिकामी होती, आणि तरी बटन दाबलं जात होतं. बकारामने येऊन आत पाहिलं आणि त्यानेही तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. मग तो हिरालालला दंडाला धरून म्हणाला की निर्मलाबाईचं घर मागेच आहे, तिला विचारू.

निर्मलाबाईने दार उघडायला वेळ लावला. बाहेर कोण आहे ते तिने तीनदा विचारलं. हिरालालला पाहिल्यावर तिने कपाळावर हात मारला आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

"माही चूक झाली भाऊजी," ती म्हणाली. "शटर पडू लागले तशी मी पळाली. बटनावर अडकित्ता तसाच राहून गेला."

हिरालालला काही समजलं नाही. तिने मग तुकड्यातुकड्याने सांगितलं. प्रेमिला काही दिवसांनी एकदा सकाळी ऑफिसात यायची, टर्मिनल चालू करायची आणि निघून जायची. देवरीच्या साहेबांना माहीत होतं, त्यांनी सूट दिली होती. ती गेल्यावर निर्मलाबाईने ते लांबट बटन अधूनमधून दाबायचं, म्हणजे गोंदियाला हात चालू दिसेल. भाऊजी पाहतात, मिनिटं चढली की घाबरतात, असं प्रेमिलाने समजावून सांगितलं होतं. पण निर्मलाबाईला झाडायचं असायचं, पाणी भरायचं असायचं. मग तिने युक्ती काढली. सुपारीचा अडकित्ता त्या बटनावर ठेवून द्यायचा. बटन दबून राहतं, मशीन टीं टीं करत राहतं, कोणाला बसावं लागत नाही. ती बिचारी समजली की जास्त दाबलं म्हणजे जास्त चांगलं.

"ती जाते कुठं?" हिरालालने विचारलं.

निर्मलाबाई बकारामकडे बघू लागली. बकाराम स्वतःहून गाडीजवळ जाऊन उभा राहिला.

"राजनांदगावले. मोठ्या दवाखान्यात. तिच्या छातीत गाठ आहे, भाऊजी. दिवाळीपासून आहे." निर्मलाबाई रडू लागली. "मी म्हणली, नवऱ्याले सांग. तं म्हणे, तो माणूस बस उशिरा आली तं जेवत नाही. त्याले गाठ सांगू तं माह्या आधी तोच मरन."

हिरालाल भिंतीला टेकला. दिवसभर त्याने मनात काय काय पाहिलं होतं: बंदुका, उलटलेली बस, तिच्या मागे उभी असलेली माणसं. यातलं काहीच नव्हतं. जे होतं ते रोज रात्री त्याच्या शेजारी झोपत होतं. आणि ते बंदसारखं एका दिवसात संपणारं नव्हतं. त्याला पहिल्यांदा कळलं की आतापर्यंत जी होती ती भीती नव्हतीच. ती नुसती सवय होती. भीती ही आता आली.

सकाळी झाडं पडायच्या आधीच प्रेमिला राजनांदगावच्या बसमध्ये बसली होती, एवढं निर्मलाबाईला नक्की माहीत होतं. परतीची बस आज राज्याच्या सरहद्दीपुढे येऊ शकणार नव्हती. म्हणजे ती तिथेच कुठेतरी अडकलेली असणार. बकारामने आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला की अंधार पडायच्या आत जाता येईल, पण आताच निघालं पाहिजे. हिरालाल गाडीवर आधीच बसला होता.

सरहद्दीच्या नदीच्या पलीकडे ट्रकांची रांग लागली होती, नजर पोचत नव्हती तिथपर्यंत. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवून भात शिजवत होते. कोणी ताशपत्ते खेळत होते. हिरालाल रांगेच्या बाजूने चालत गेला. प्रत्येक बसच्या खिडकीत बघत गेला. लोक त्याला विचारत होते, रस्ता खुला का, तो उत्तर देत नव्हता.

ती चौथ्या की पाचव्या बसमध्ये होती. खिडकीशी, मांडीवर पिशवी धरून, डोळे उघडे. तिने त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

तो आत जाऊन शेजारी बसला.  पुढच्या सीटवरची एक म्हातारी ओटीतले चिंचोके हळूच मोजत होती आणि मधूनच त्यांच्याकडे वळून पाहत होती.

"निर्मलानं सांगतलं?" प्रेमिलाने शेवटी विचारलं.

"अडकित्त्यानं सांगतलं," तो म्हणाला.

दिवसभर काय झालं ते त्याने तिला सांगितलं, रिकामा रकाना, वाजणारा फोन, कुलूप, खिडकी. ऐकता ऐकता ती हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली की दवाखान्याच्या रांगेत बसलं की तिचे पाय कापायचे. सुई टोचली त्या दिवशी तर तिला वाटलं आता उठून पळावं. तेव्हा ती मनात म्हणायची, तो तिकडे गोंदियाला पाहत असेल, जागा रिकामी दिसत असेल, डबा उघडून निवांत जेवत असेल. एवढ्यावर ती बसून राहायची.

"तुमी तरी निवांत आहा, असं वाटे मले."

"एक दिवस निवांत नव्हतो मी," हिरालाल म्हणाला. "उगाच मेहनत केली तुमी दोघीनं."

मग त्याने डॉक्टर काय म्हणाला ते विचारलं. तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. डॉक्टर म्हणाला की उशीर झाला आहे, आणखी करू नका. आजच भरती व्हा, उद्या काढून टाकू. ती म्हणाली होती, घरी सांगून येते. खरं म्हणजे घरी काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं, म्हणून ती बसमध्ये बसली. रस्ता बंद आहे हे कळल्यावर तिला बरंच वाटलं. आज सांगावं लागणार नाही, असं वाटलं.

"काढल्यावर बरी होशीन, असं म्हणे का तो?"

"पाहू म्हणे."

हिरालालने ते ऐकलं.  त्याला वाटलं होतं की ती भेटली की सुटलो. ती भेटली होती, तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता, आणि तो सकाळपेक्षा जास्त घाबरला होता. तो खिडकीबाहेर बघू लागला. देवरीकडचा रस्ता बंद होता, उद्या सकाळपर्यंत कोणी झाडं उचलणार नव्हतं. पण मागचा रस्ता, राजनांदगावचा, मोकळा होता. रांगेत थांबायला कंटाळलेले एकदोन ट्रक वळून परत जात होते.

तो उठला आणि त्याने तिची पिशवी घेतली.

"चाल," तो म्हणाला.

"कुठं? रस्ता तं बंद आहे."

"इकडला नाही."

ती बसून राहिली. तिने कपडे आणले नाहीत, म्हणाली. घरी दूध उघडं आहे. भूमेश्वरीला कळवलं नाही. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला आणि तिचा हात सोडला नाही. शेवटी ती म्हणाली, "तुमाले दवाखान्यात बाहेर बसून राहावं लागन. एकट्यानं. जमन का?"

"नाही जमणार," तो म्हणाला. "तरी बसतो."

बकाराम पुलाजवळ गाडी टेकवून उभा होता. हिरालालने त्याला सांगितलं की रात्र निर्मलाबाईकडेच काढ, अंधारात जंगलातून जाऊ नको, आणि सकाळी दोन्ही ऑफिसांत कळव. कशाची रजा म्हणून विचारलं तर काय सांगू, असं बकारामने विचारलं.  प्रेमिलाच बोलली. माझं ऑपरेशन आहे म्हणून सांग, म्हणाली, गाठीचं. बकारामने रुमालाने तोंड पुसलं आणि गाडीला किक मारली.

रिकाम्या बारदान्याचा एक ट्रक वळत होता. हिरालालने हात दाखवला. ड्रायव्हर छत्तीसगढचा, तरणा माणूस होता. त्याने दार उघडलं, आधी प्रेमिलाला वर ओढून घेतलं, मग हिरालालला. केबिनमध्ये डिझेलचा वास होता आणि तिघांना जागा कमी पडत होती. ट्रक वळला. रांगेत थांबलेल्या गाड्यांचे दिवे एकेक करून मागे जाऊ लागले.  हिरालालने मांडीवर पिशवी दाबून धरली, तशी प्रेमिलाने आपला हात त्या पिशवीवर ठेवला.

ड्रायव्हरने हिंदीत विचारलं, राजनांदगावात कुठे सोडू. हिरालालने तोंड उघडलं, पण त्याला दवाखान्याचं नावही माहीत नव्हतं. तिने सांगितलं, आणि कोणत्या फाटकाने आत जायचं तेही सांगितलं.